हाताखालच्या माणसाला शिकवणे : उपकार की देणे?

"शिकवला की उडाला," हे वाक्य आमच्या फ्रीगंजच्या बाजारात कोठेही ऐकू येते. मराठीत म्हणा, हिंदीत म्हणा वा माळवीत म्हणा, आशय एकच. मोटारदुरुस्तीच्या गॅरेजचा मालक ते म्हणतो, छापखान्याचा मालक म्हणतो, औषधविक्रेता म्हणतो, आणि खासगी शाळांचे चालकही म्हणतात. त्यांची भाषा जरा अधिक सभ्य असते इतकेच. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा कामाला येतो, दोन वर्षे पाने उचलून देतो, तिसऱ्या वर्षी इंजिन उघडायला शिकतो, आणि चौथ्या वर्षी टॉवर चौकाच्या पलीकडे स्वतःची टपरी मांडतो. मालकाच्या मनाला हे लागते. मग पुढच्या मुलाला पाने उचलण्यापलीकडे काही शिकवायचे नाही, असा निश्चय तो करतो.

हा मालक दुष्ट आहे असे मुळीच नव्हे. त्याने वेळ खर्च केला, बिघडलेले काम सोसले, गिऱ्हाइकाची बोलणी खाल्ली. त्याचे दुःख खरे आहे. परंतु त्याच्या निश्चयामागे एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो केवळ धंद्याचा नाही, तर नीतीचा आहे. ज्याच्या आयुष्याची वर्षे आपण वापरतो, त्याला शिकवून वाढवणे हा आपण त्याच्यावर केलेला उपकार आहे, की त्याचे आपल्याकडे असलेले देणे आहे?

मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी आता स्वतंत्र खाते असते. प्रशिक्षणाचे फायदेही ते लोक नीट मांडतात : शिकलेल्या कामगाराच्या हातून माल कमी वाया जातो, अपघात कमी होतात, यंत्र अधिक टिकते, माणूस कामात रमतो. हे सारे खरे आहे. पण वाचकहो, एखादे चांगले कृत्य फक्त फायद्याच्या पायावर उभे केले, तर फायदा दिसेनासा होताच ते कोसळते. मंदी आली की पहिली कात्री प्रशिक्षणाच्या खर्चाला लागते, ती याच कारणाने. म्हणून फायद्याहून खोल असा काही पाया आहे की काय, ते पाहिले पाहिजे.

त्यासाठी आम्हा उज्जैनकरांना दूर जावे लागत नाही. या शहरात एके काळी कापडगिरण्यांच्या भोंग्यांवर घड्याळे लावली जात. विनोद मिल, हिरा मिल, नजरअली मिल ही नावे जुन्या घरांतून आजही निघतात. त्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. विनोद मिल १९९६ मध्ये बंद झाली, आणि तिच्या चार हजारांहून अधिक कामगारांना आपल्या देण्यांसाठी सुमारे पाव शतक वाट पाहावी लागली. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. शेजारच्या इंदूरची हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यांपोटी सुमारे २२४ कोटी रुपयांची रक्कम मिळाली ती २५ डिसेंबर २०२३ रोजी. तोपर्यंत कित्येक कामगार हे जग सोडून गेले होते, आणि रक्कम त्यांच्या विधवांच्या व मुलांच्या वाट्याला आली.

या विलंबाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला येथे निराळीच गोष्ट मांडायची आहे. आपल्या देशातल्या गिरण्यांची सर्वसाधारण रीत अशी होती, की नवा माणूस एखाद्या नातलगाच्या वा गाववाल्याच्या ओळखीने आत शिरे, त्याच्या शेजारी उभा राहून पाहत पाहत एक काम शिके, आणि मग तेच काम वीस-पंचवीस वर्षे करी. सूतखात्यात तुटलेला धागा जोडणारा माणूस धागाच जोडत राही. त्याची बोटे अत्यंत तरबेज होत. पण ते यंत्र चालते कसे, ते बिघडले तर दुरुस्त कसे करावे, नकाशा कसा वाचावा, हिशेब कसा ठेवावा, हे त्याला कोणी सांगितलेले नसे. गिरणी चालू होती तोवर यात काही उणे भासले नाही. फाटक बंद झाले त्या दिवशी मात्र पंचेचाळीस वर्षांच्या कुशल कामगाराला कळले, की आपले कौशल्य त्या फाटकाच्या आतच राहिले आहे. बाहेर त्याचे मोल शून्य. कोणी रिक्षा ओढली, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी रात्रीचा पहारेकरी झाला.

न्यायालयाने मजुरीचा हिशेब लावला. न शिकवल्याचा हिशेब कोणत्याच न्यायालयात लागत नाही. आणि माझ्या मते खरे देणे तेच होते.

का, ते सांगतो. मजुरीचा व्यवहार वरवर सरळ दिसतो : त्याने आठ तास दिले, आपण पैसे दिले, फिटंफाट झाली. परंतु तासांबरोबर आणखी एक वस्तू जाते, तिची नोंद कोणत्याही हजेरीपटात होत नाही. ती म्हणजे माणसाचे शिकण्याचे वय. विसाव्या वर्षी जे हात व जी बुद्धी कशालाही वळते, ती पन्नासाव्या वर्षी तितक्या सहज वळत नाही. मालकाने ती वर्षे वापरली आणि त्या काळात माणूस होता तेवढाच राहिला, तर मालकाने श्रमाचे पैसे दिले खरे, पण वाढीचे वय फुकट घेतले. रोजंदारी पोटासाठी असते. या वयाची भरपाई दुसऱ्या वाढीनेच होऊ शकते, पैशाने नव्हे. म्हणून शिकवणे हा उपकार नाही. ते पगाराचाच एक भाग आहे, आणि पगाराप्रमाणेच ते अडवून ठेवण्याचा हक्क कोणाला नाही.

येथे एक भेद केला पाहिजे. शिक्षण दोन प्रकारचे असते. एक यंत्रासाठी माणसाला तयार करते, दुसरे माणसासाठी माणसाला तयार करते. नवे यंत्र आले, त्याचे कोणते बटण केव्हा दाबावे ते सांगितले, हा पहिला प्रकार. तो मालकाच्या सोयीचा असतो व तो होतोच, कारण त्यावाचून काम अडते. तो झाला म्हणजे देणे फिटले असे समजू नये. देणे फिटते ते दुसऱ्या प्रकाराने : ज्या शिक्षणाने माणूस काल करू शकत नव्हता ते आज करू लागतो, आणि ते सामर्थ्य घेऊन तो कोठेही गेला तरी ते त्याचेच राहते.

आपल्या मराठी भाषेने हे फार पूर्वी ओळखलेले दिसते. काम शिकण्यासाठी हाताखाली राहणाऱ्याला आपण 'उमेदवार' म्हणतो, व त्या काळाला 'उमेदवारी'. सरकारी मराठीतही 'शिकाऊ उमेदवार' हाच शब्द आहे. उमेद म्हणजे आशा. जो आशा धरून आला तो उमेदवार. आजचा पगार थोडा असला तरी उद्या मी कारागीर होईन, ही आशा हाच त्याच्या मजुरीचा मोठा भाग असतो. त्याला वर्षानुवर्षे नुसते झाडलोट करायला लावणे म्हणजे त्याची मजुरी बुडवणेच होय, जरी महिन्याच्या महिन्याला पाकीट हाती पडत असले तरी.

आता मालकाच्या आक्षेपाकडे येऊ. "मी खर्च करून शिकवायचे, आणि फळ दुसऱ्याने खायचे, हा कोठला न्याय?" हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. लहान दुकानदाराला एक शिकलेला माणूस गेला तर खरोखरच खड्डा पडतो. कायद्यानेही या प्रश्नाचा विचार केला आहे. आपल्याकडे १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. त्या मूळ कायद्यात असे तत्त्व होते, की करारात तशी अट नसेल तर शिकून झालेल्या उमेदवाराला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही, आणि तेथेच नोकरी धरण्याचे बंधन उमेदवारावरही नाही. म्हणजे शिक्षण हे समाजाच्या सामाईक साठ्यात घातलेले दान आहे, अशीच ती दृष्टी होती. माझ्याकडे शिकलेला तुझ्याकडे जाईल, तुझ्याकडे शिकलेला माझ्याकडे येईल. सर्वांनी शिकवले तर कोणाचेच नुकसान नाही. सर्वांनी हात आखडले तर सर्वांचेच आहे. शिकलेला माणूस मिळत नाही अशी तक्रार करणारे आणि शिकवायला नको म्हणणारे लोक पुष्कळदा एकच असतात, हे लक्षात घ्यावे.

शिकवल्यावर काही वर्षे राहण्याची अट घालणे अन्याय्य आहे काय? सरसकट तसे म्हणता येणार नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची अशी अट ग्राह्य धरली : तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरावे. नवी भरती करण्यास सार्वजनिक संस्थेला मोठा खर्च व काळ लागतो, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु अशा अटीला नीतीच्या मर्यादा आहेत. ती आधी स्पष्ट सांगितलेली असावी. खरोखर झालेल्या खर्चाच्या मानाने असावी. आणि मोजक्या काळापुरती असावी. मूळ प्रमाणपत्रे कपाटात कुलूपबंद करून ठेवणे, किंवा दोन दिवसांच्या वर्गासाठी पाच वर्षे बांधून घेणे, याला शिक्षण म्हणत नाहीत. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. तिची वृत्ती आपण नव्या कागदावर जिवंत ठेवू नये.

शिकवून मोकळे सोडण्याचे धैर्य ज्यांनी दाखवले, अशी दोन उदाहरणे आपल्या मंडळ्यांच्या परिचयाची आहेत. पहिले मिरजेचे. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली हिंदुस्थानात आले व १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उघडले. एकटा कुशल शस्त्रवैद्य आणि त्याला पाने उचलून देणारे हरकामे, अशी व्यवस्था करूनही ते नावाजले गेले असते. पण त्यांनी १८९७ मध्ये तेथेच वैद्यकीय शिक्षणाची शाळा काढली, आणि परिचारिकांनाही शिकवण्याची सोय केली. शिकलेले लोक मिरजेतच राहतील असा हट्ट धरला नाही. ते इतर मिशन दवाखान्यांत गेले, गावोगाव गेले. हिशेबाच्या वहीत पाहिले तर हा तोटाच. परंतु १९२८ साली वानलेस निवृत्त होऊन परत गेले तेव्हा काम थांबले नाही, आणि १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते याच रुग्णालयाच्या आधाराने. जी संस्था एका माणसाच्या कौशल्यावर चालते ती त्या माणसाबरोबर संपते; जी शिकवते ती टिकते.

दुसरे उदाहरण केडगावच्या मुक्तीचे. १८९६–९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी शेकडो अनाथ मुली व स्त्रिया आणल्या. त्यांना अन्न-वस्त्र दिले असते तरी लोकांनी धन्य म्हटले असते. परंतु बाईंनी विणकाम, शेती, दुधाचा धंदा, छापखाना अशी कामे उभी करून त्यांना शिकवली. ज्या काळी पुष्कळ घरांत स्त्रीने पुस्तक हाती धरणेही लोकांना खपत नसे, त्या काळी मुक्तीच्या छापखान्यात स्त्रिया खिळे जुळवीत होत्या व यंत्रे चालवीत होत्या. बाईंनी स्वतः हिब्रू व ग्रीकचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. त्या ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या आणि संपूर्ण शास्त्र १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. करणारी गेली, पण तिच्या हाताखालच्या हातांनी काम पुरे केले. त्यांना शिकवलेच नसते तर?

मालकाइतकाच अडथळा पुष्कळदा जुना कारागीर असतो, हेही सांगितले पाहिजे. प्रत्येक कारखान्यात, कचेरीत व स्वयंपाकघरात असा एक जाणता असतो, की जो शेवटची खुबी कोणाला दाखवत नाही. मोजमाप घेताना पाठ फिरवतो. फाइल कोठे आहे ते फक्त आपल्या डोक्यात ठेवतो. "मला विचारल्यावाचून यांचे चालू नये," हे त्याचे समाधान. त्यामागे भीती असते, आणि ती समजण्यासारखी आहे : नवा शिकला तर मला कोण विचारील? ही भीती घालवणे संस्थेचे काम आहे. शिकवणाऱ्याचा मान व पगार शिकवल्यामुळे वाढला पाहिजे, कमी होता कामा नये.

शास्त्रात निवासमंडप बांधणाऱ्या बसालेलाची व अहलियाबाची हकीगत आहे. सोने, रुपे, लाकूड व विणकाम यांतले त्यांचे कसब हे देवाचे दान होते, हे आपण नेहमी सांगतो. पण त्याच ठिकाणी (निर्गम ३५:३४) आणखी एक गोष्ट नमूद आहे व ती आपल्या नजरेतून निसटते : दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही त्यांना देण्यात आली होती. कसब आणि शिकवण्याची इच्छा ही दोन्ही एकाच हातून मिळाली. मग त्यातले एक वापरायचे आणि दुसरे पुरून ठेवायचे, हे कसे चालेल?

शिकवायचे म्हणजे कसे, असे कोणी विचारील. त्याला मोठी इमारत लागत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी, १९४० पासून, अमेरिकेतील कारखान्यांत नवख्या लोकांना झटपट तयार करावे लागले. तेव्हा एक चार पायऱ्यांची पद्धत बसवली गेली, व ती युद्धानंतर जपानमध्येही रुजली. पहिली पायरी, शिकणाऱ्याच्या मनातली धास्ती घालवून त्याला काय येते ते जाणून घेणे. दुसरी, काम सावकाश करून दाखवणे, व प्रत्येक टप्प्याचे कारण सांगणे. तिसरी, त्याच्याकडून ते करवून घेणे व कारणे त्याच्या तोंडून वदवणे. चौथी, त्याला एकटे सोडणे, पण मधून मधून पाहत राहणे. या पद्धतीत असे मानले जाते, की शिकणाऱ्याला काम आले नाही तर उणीव शिकवणाऱ्याची. आपल्याकडे नेमके उलटे होते. दुसरी पायरी अर्धवट करून आपण म्हणतो, "एकदा सांगितले ना? डोके नाही याला."

शिकणाऱ्याच्या अंगावरही काही देणे येते, ते विसरून हा विचार एकांगी होईल. ज्याने शिकवले त्याच्या ऐन हंगामात न सांगता निघून जाणे, जाताना त्याची गिऱ्हाइके फोडणे, त्याचीच निंदा करीत फिरणे, हे नीच आहे. जायचे तर वेळेवर सांगून जावे, हातातले काम पुरे करून जावे, आणि आपल्या जागी येणाऱ्याला चार दिवस शिकवून जावे. शिकवल्याचे ऋण शिकवणाऱ्याला क्वचितच परत करता येते. ते पुढच्या माणसाला शिकवूनच फिटते.

आता शेवटी आपल्या स्वतःच्या घराकडे पाहू. आपल्या मंडळ्यांच्या शाळा आहेत, वसतिगृहे आहेत, दवाखाने व कचेऱ्या आहेत. तेथे कारकून, शिपाई, स्वयंपाकी, वॉर्डन, आया यांचे शिक्षण कितपत होते? आपण त्यांच्या कामाला 'सेवा' म्हणतो. शब्द सुंदर आहे, पण त्याच्या आड पुष्कळ काही झाकले जाते. मला एक संस्था ठाऊक आहे. तेथे एका गृहस्थांनी तीस वर्षे हिशेबाच्या वह्या इतक्या नेटक्या ठेवल्या, की तपासनीस त्यांची प्रशंसा करीत. संगणक आला तेव्हा चालकांनी बाहेरचा तरुण आणला. या गृहस्थांना तीन महिन्यांच्या वर्गाला पाठवावे असे कोणालाच सुचले नाही. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी त्यांना पावत्या फाडण्याच्या टेबलावर बसवण्यात आले. पगार कमी केला नाही, हे चालकांनी मोठ्या अभिमानाने सांगितले. पण ते गृहस्थ त्यानंतर घरी कामाविषयी एक शब्दही बोलत नसत, असे त्यांच्या पत्नीने मला सांगितले. पगार पुरा होता. जे कापले गेले होते ते पगारपत्रकात दिसणारे नव्हते.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. वर्षअखेरीला समितीपुढे जमाखर्च ठेवला जातो, तेव्हा एक कागद त्याला जोडावा. त्यावर प्रत्येक नोकरदाराचे नाव असावे, आणि समोर दोनच रकाने : गेल्या वर्षी याला येत नव्हते असे आज काय येते? आणि पुढच्या वर्षी आपण याला काय शिकवणार? आयेचे नाव त्यातून वगळू नये, माळ्याचेही वगळू नये. एखाद्या नावासमोरचा रकाना लागोपाठ तीन वर्षे कोरा राहिला, तर तो त्या माणसाचा दोष समजू नये. ती संस्थेकडची थकबाकी आहे असे समजून तिची नोंद देण्याच्या बाजूला करावी.

आणि फ्रीगंजच्या त्या गॅरेजवाल्या मित्राला मी इतकेच म्हणेन : टॉवर चौकापलीकडे जी टपरी उभी राहिली, ती तुमच्या नुकसानीची खूण खरीच, पण तुमच्या हातातले कसब तुमच्यामागेही चालू राहील याची या शहरातली एकुलती एक हमीही तीच आहे. उद्या येणाऱ्या मुलाला इंजिन उघडून दाखवा.